मधलं पांढरं

आश्विन लागला की एस.टी.च्या खिडकीतून सोयाबीनचा वास यायला लागतो. कापून सुडी घातलेल्या, वरून उन्हानं तापलेल्या आणि खालून अजून ओल्या असलेल्या सोयाबीनचा. गोडसर, थोडा कुबट, सोबत कुटाराची, म्हणजे मळणीतल्या भुशाची, धूळ घेऊन येणारा. बुलढाण्यात नोकरीला लागल्यापासून हा वास मला प्रवासातच भेटतो. चिखली मागं पडते, मेहकरचा रस्ता लागतो, दोन्ही बाजूंना मळणीयंत्रांचा घरघराट सुरू असतो, आणि बसमधली माणसं नाकाला रुमाल लावतात. मी लावत नाही. आधी हा वास आला की मला शाळेची सहामाही परीक्षा आठवायची. मग काही वर्षं माझं लग्न आठवायचं. यंदापासून मला कात्रीचा आवाज ऐकू येतो.

यंदा वासाच्या आधी रेशमाचा फोन आला. रेशमा माझ्या धाकट्या काकांची मुलगी. दिवाळीनंतर तिचं लग्न आहे.

"ताई, मले तुह्यासारखंच लगन करायचं. वावरात. सगळं घरचं. तुह्या मागं तो लुगड्यायचा पडदा होता ना, तसाच पाहिजे मले."

मला आनंद झाला, हे आधी सांगून टाकते. सहा वर्षांनंतर कोणाला तरी आपलं लग्न आठवतं, तसंच हवंसं वाटतं, याचं मला कौतुक वाटलं. मी कपाटाच्या वरच्या खणातून पडदा काढला, घडी तशीच पिशवीत घातली आणि माहेरी, जानेफळला निघाले. आश्विनी पौर्णिमा सुट्टीला जोडून आली होती. पौर्णिमेला विहारात जाऊ, मग रेशमासोबत बसून सगळं ठरवू, असा बेत होता.

आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत. तारीख म्हणजे सगळ्यांची सोय. वस्तीतली बहुतेक लग्नं उन्हाळ्यात होतात, कारण तेव्हा वावरं रिकामी असतात आणि पुण्याला, सुरतेला कंपनीत असलेली माणसं सुट्टीवर येतात. मला मात्र आश्विनच हवा होता. लहानपणापासून आमच्या घरात वर्षातले हेच पंधरा-वीस दिवस मला मोकळे वाटत आलेले. आभाळ धुतल्यासारखं, धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत अजून हिरवं, तुरीला पिवळा फुलोरा, कपाशीची बोंडं नुकती उकलू लागलेली. बाबा या दिवसांत घरात गुणगुणत. वर्षभर न बोलणारा माणूस संध्याकाळी हात-पाय धुताना गुणगुणायचा, आणि आई आम्हा भावंडांना खुणेनं गप्प बसवायची, की ऐकू द्या.

म्हणून मी म्हटलं, लग्न आश्विनात, आपल्या वावरात, सोयाबीन निघाल्यावर. कलत्या उन्हात. आणि सगळं हातानं केलेलं. पत्रिका मी स्वतः खाकी कागद कापून लिहीन. फुलं धुऱ्यावरच्या झेंडूची. जेवायला रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी, गोवऱ्यांच्या आरावर.

आईला कार्यालय हवं होतं. "मेहकरले पाह्य एखादं. पंखे असतेत, खुर्च्या असतेत, बायायले बसाले जागा असते. वावरात लगन केलं तं लोकं म्हणतीन, हिच्या बापाले कार्यालय झेपलं नाही."

मी तिला समजावलं. 'जिव्हाळ्याचं', 'आपलं', 'साधं पण मनातलं' असे शब्द वापरले. मी मराठीत एम.ए. केलेलं. शब्द माझ्याजवळ पुष्कळ होते, आईजवळ नव्हते, म्हणून मी जिंकले. खरं म्हणजे मी मोबाईलवर शहरातल्या लग्नांचे फोटो पाहिले होते. त्यात बागेत बाजा टाकलेल्या, मातीची मडकी रंगवलेली, जुन्या साड्यांचे पडदे. मोठ्या घरच्या लोकांनी बागेला वावरासारखं सजवलेलं. मला वाटलं, माझ्याजवळ तर खरंच वावर आहे.

बाबा एवढंच म्हणाले, "कर इथंच. वावर कुठं पळून जाते."

सोयाबीन कापलं की खुंट राहतात. विळ्याच्या तिरक्या वारानं त्यांना टोक येतं, सुयांसारखं, आणि ते चपलेतूनही पायात शिरतात. मी सहज बोलून गेले होते की वावरात अनवाणी चालता आलं पाहिजे, माती पायाला लागली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या दहा-बारा बाया वावरात ओळीनं बसलेल्या दिसल्या. एकेक खुंट उपटत त्या पुढं सरकत होत्या. मी पळत गेले. एकजण म्हणाली, "वावर हाय का देवडी? झाडून-पुसून ठेवा म्हणे." सगळ्या हसल्या. ओळीच्या मधून भागाकाकूचा आवाज आला, "उपटा वं चांगले. नवरदेवाच्या पायाले काटा रुतला तं पळून जाईन थो. मंग करुणी राहीन इथंच, आपल्यालेच पुस्तक वाचून दाखवत."

करुणी म्हणजे मी, करुणा; आणि ही भागाकाकू. चंद्रभागा हे पूर्ण नाव. नात्यानं बाबांच्या चुलतभावाची बायको, आणि आमच्या घराच्या मागं, विहाराला लागून तिचं दोन खणांचं घर. काका फार आधी वारले. मुलगा सुरतेला. काकू दुसऱ्यांच्या वावरात निंदायला, वेचायला जायची, अजूनही जाते. तिला अक्षर येत नाही. पण विहारात वंदना सुरू करायची ती तिनंच, इतकी वर्षं. पाली शब्द तिनं कोणाकडून कधी ऐकले कोण जाणे, पण एकही तिच्या तोंडून घसरत नसे. आवाज जाडसर, थोडा पुरुषी, सुरुवातीला जमिनीलगत चालल्यासारखा, आणि मग बाकीच्या बाया त्यात मिसळल्या की वर उचलला जाणारा. लहानपणी मला वाटायचं की वंदना म्हणजे भागाकाकूच.

पावसाळ्याचे तीन महिने वर्षावासात विहारात ग्रंथ वाचतात. मी सहावीत असताना वाचणारं मोठं माणूस कोणी उरलं नाही, तेव्हा काकूनं मला हाताला धरून पुढं बसवलं. विहारात बाया पांढरंच नेसतात, आमच्यात नवरीही; तशा पांढऱ्या लुगड्यांत वीस-पंचवीस बाया समोर. माझी जीभ अडखळायला लागली. काकू माझ्या कानाशी म्हणाली, "वाच माय. चुकली तं आम्हाले कुठं समजणार हाये." मी हसले आणि वाचायला लागले. आज मी वर्गात साठ मुलांसमोर उभी राहते, ते त्या एका वाक्यावर उभी राहते असं मला नेहमी वाटतं.

पुढं मी खामगावला वसतिगृहात राहिले तेव्हा काकू जानेफळच्या फाट्यावर येऊन खामगावच्या बसच्या ड्रायव्हरजवळ भाकरीचं गाठोडं द्यायची. त्यात भाकरी, लसणाची चटणी आणि कधी कधी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. मी स्टँडवर जाऊन घ्यायची. वस्तीनं मला असंच शिकवलं आहे. कोणी पुस्तकं दिली, कोणी मुलाखतीला जाताना घालायला चपला दिल्या, कोणी तालुक्याला माझ्यासोबत दाखल्यासाठी हेलपाटे घातले. मी मागत गेले आणि लोक देत गेले. मला मागण्याची लाज कधी वाटली नाही, कारण कोणी वाटू दिली नाही. पण सतत मिळत गेलं की माणसाच्या एक गोष्ट लक्षात येईनाशी होते. देणाऱ्याच्या घरात त्यानंतर काय उरलं, ते. मी कधी मागं वळून कोणाच्या घरात डोकावले नाही. मला पुढं जायचं होतं, आणि तेही त्यांनीच सांगितलं होतं.

पडद्याची कल्पना माझी. मांडवाच्या मागच्या बाजूला, दोन तसबिरींच्या मागं, गोधडीसारखा चौकोन चौकोन जोडलेला मोठा पडदा. वस्तीतल्या प्रत्येक घरातून एक जुनं लुगडं घ्यायचं, त्याचा एक तुकडा त्यात लावायचा. म्हणजे ज्यांनी मला वाढवलं ते सगळे माझ्या पाठीशी उभे आहेत असं होईल. मी हे घरोघर जाऊन सांगितलं. "जुनंच द्या, फाटकं असलं तरी चालेल," असंही सांगितलं. माझा हेतू वाईट नव्हता. हे मी इथं लिहिते आहे ते स्वतःच्या बचावासाठी, याची मला कल्पना आहे.

दोन दिवसांत आमच्या ओसरीवर लुगड्यांचा ढीग पडला. पिवळं, आमसुली, मोरपंखी, डाळिंबी. धुतलेली, घड्या घातलेली, काहींना निरम्याचा ताजा वास. मी एकेक उलगडत होते आणि खूश होत होते की रंग किती छान आहेत. एकाही लुगड्याला ठिगळ नव्हतं. एकाचाही काठ विरलेला नव्हता. सोळा लुगडी माझ्या हाताखालून गेली आणि हे माझ्या लक्षात आलं नाही. लग्नाच्या कामाला फाटकं कसं द्यायचं, असं कोणी बोलून दाखवलं नाही. आपसांत न बोलता सगळ्यांनी तेच ठरवलं होतं. मी जुनं मागितलं होतं आणि त्यांनी असलेल्यातलं चांगलं आणून दिलं होतं. मी त्यांच्यात जन्मले, वाढले, आणि तरी मला वाटलं की मी शब्दांत सांगितलं तेवढंच त्यांनी ऐकलं असेल.

चौकोन जुळवताना मला मधला भाग रिकामा वाटायला लागला. तिथं आमची नावं भरायची होती, निळ्या दोऱ्यानं, साखळी टाक्यात. रंगीत कापडावर निळा दोरा उठत नव्हता. ओसरीवर बाया बसल्या होत्या, तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "मधे पांढरं पाहिजे होतं. कोणाजवळ आहे का गं?"

बाया हातातल्या लुगड्यांच्या घड्या घालत राहिल्या. आता आठवतं की आईनं माझ्याकडं पाहिलं होतं. मला वाटलं, तिला चहा ठेवायचा असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागाकाकू आली. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पांढरं लुगडं होतं. मऊ, धुऊन धुऊन सायीच्या रंगावर गेलेलं, बोटभर निळा काठ, घडीत वाळलेला कडुनिंबाचा पाला. "हे चालते का पाह्य," ती म्हणाली.

"काकू, अगदी हेच पाहिजे होतं," मी म्हणाले.

लुगडं लांब. एकटीला कापता येईना. मी म्हटलं, "काकू, टोक धर गं." तिनं दोन्ही हातांत टोक धरलं, ताणलं. मी कात्री चालवायला लागले. सुती कापड कापताना एक करकर असा आवाज येतो, तो ओसरीभर झाला. काकूचे डोळे कात्रीवर होते. अर्ध्यावर माझी कात्री थोडी तिरकी गेली, तेव्हा ती म्हणाली, "सरळ काप, माय. वाकडी जाऊ देऊ नको."

एवढंच म्हणाली. मी सरळ कापलं.

लग्न चांगलं झालं. कलतं ऊन तुरीच्या फुलांवर होतं, झेंडूच्या माळा वाऱ्यावर हलत होत्या, रोडग्यांचा खरपूस वास वावरभर पसरला होता. नवरदेवाकडच्या एका मामांना बसायला खुर्ची मिळाली नाही, बाज मिळाली. ते म्हणाले, "जावईबापू, सासुरवाडीनं वावरात बसवलं. जेवण झाल्यावर निंदाले तं लावत नाही ना?" अमोल, म्हणजे माझा नवरा, त्यांना म्हणाला, "मामा, विळे आणूनच ठेवले आहेत." लोक हसले. फोटो सुंदर आले. प्रत्येक फोटोत आमच्या डोक्यांच्या मागं तो पांढरा चौकोन आहे, त्यावर निळ्या अक्षरांत करुणा आणि अमोल.

वंदना भागाकाकूनंच सुरू करायची, हे मी कितीतरी आधीपासून ठरवलं होतं. आयत्या वेळी ती म्हणाली, "माहा घसा बसला वं. दुसऱ्या कोणाले सांग." दुसऱ्या कोणी तरी सांगितली. काकू मागं, बायांच्या शेवटल्या रांगेत हिरव्या लुगड्यात उभी होती. पुढच्या सगळ्या बाया पांढऱ्यात. मला वाटलं, लग्न आहे, हौसेनं रंगीत नेसली असेल.

पाहुणे गेल्यावर मी पाहिलं तर काकू मांडवाच्या बांबूंशी काहीतरी करत होती. चौकोन काढून उरलेलं पांढरं लुगडं फाडून केलेल्या पट्ट्यांनी आम्ही झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. ती एकेक गाठ सोडवत होती, कापत नव्हती, सोडवत होती, आणि पट्ट्या पदराच्या ओच्यात ठेवत होती. मला वाटलं, आवरायला मदत करते आहे. मी दुरून म्हटलं, "काकू, राहू दे, उद्या आम्ही काढू." तिनं हात हलवून मला जायला सांगितलं.

ही सगळी दृश्यं मी सहा वर्षं माझ्या लग्नाच्या सुंदर आठवणी म्हणून जपली. त्यात काही बदललेलं नाही. तेच ऊन, तीच फुलं. फक्त आता मला त्यात काकू दिसते.

यंदाच्या पौर्णिमेला सकाळी, लग्नानंतर पहिल्यांदाच, मी इथल्या विहारात जाऊन बसले. बाया जमल्या, मेणबत्त्या लागल्या, अगरबत्तीचा धूर वर गेला. मी वाट पाहत होते तो आवाज जमिनीलगत सुरू होण्याची. एका मुलीनं खिशातून मोबाईल काढला, भोंग्याची वायर जोडली, आणि मोबाईलमधून वंदना सुरू झाली. गोड आवाज, मागं वाद्यं. बाया त्याच्यासोबत पुटपुटत होत्या. खिडकीजवळची काकूची जागा तिथंच होती, पण तिथं दुसरी कोणी तरी बसली होती.

घरी येताना मी आईला विचारलं, "भागाकाकू आली नाही. बरं नाही का तिला?"

"बरी हाये. काल तं कापूस वेचून आली."

"मग?"

आई चालत राहिली. मग म्हणाली, "पांढरं नाही तिच्याजवळ. रंगीत लुगड्यावर पुढं कसं बसू म्हणते. मागं बसाले कोणाची मनाई नाही, पण मागं बसून तिच्यानं राह्यल्या जात नाही. मंग येतच नाही."

"कधीपासून?"

आई थांबली नाही. "तुह्यं लगन झालं तवापासून."

मी रस्त्यात उभी राहिले. आईला पुढं जाऊन वळून पाहावं लागलं.

"ते तिचं लग्नातलं होतं," आई म्हणाली. "एकच होतं. पौर्णिमेले, जयंतीले, वर्षावासात, तेच धुऊन तेच नेसे."

"मग तू तेव्हा बोलली का नाही?"

"काय बोलू? तिनं देलं, तू घेतलं. मंधात बोलून तिची इज्जत घालवू का?"

"मुलाला सांगायचं. सुरतेहून दरवर्षी लुगडं पाठवतो ना तो दिवाळीला."

"त्याच्या मनानं पाठवते. ते रंगीत असते. मागत नाही ती कोणाले काही. तुले माहीत नाही का?"

मला माहीत नव्हतं. मागता न येणारी माणसं असतात, हे मला माहीतच नव्हतं. मी ज्यांच्याकडं मागत आले, ती सगळी माणसं तशीच होती, आणि म्हणूनच कदाचित माझ्या मागण्याचं त्यांना इतकं कौतुक होतं.

दुसऱ्या दिवशी मी मेहकरला गेले. दुकानात पांढऱ्या लुगड्यांचा गठ्ठा माझ्यासमोर टाकला गेला. निळ्या काठाची, चंदेरी काठाची, साधी. दुकानदार विचारत होता, "मावशीसाठी का ताई? मऊ दाखवू?" आणि तिथं उभी असताना मला आठवलं की माझंही एक पांढरं लुगडं आहे. माझं लग्नातलं. बुलढाण्याच्या कपाटात, मलमलच्या पिशवीत, एकदाच नेसलेलं. सहा वर्षं त्याच कपाटात वर पडदा होता आणि खाली ते लुगडं. लग्नातल्या लुगड्याच्या बदल्यात लग्नातलं लुगडं द्यायला हवं, हे मला त्या दुकानात अगदी स्पष्ट कळलं. आणि तितकंच स्पष्ट हेही कळलं की माझ्यानं ते देववणार नाही. एकदाच नेसलेलं, पुन्हा कधी नेसेन याची खात्री नसलेलं. मी दुकानदाराला म्हटलं, "हे निळ्या काठाचं बांधून द्या."

हा भाग मी कोणाला सांगितलेला नव्हता. अमोललाही नाही.

दुपारी काकूच्या अंगणात गेले. ती सुपात सोयाबीन पाखडत होती. कापणी झालेल्या वावरात सांडलेले दाणे वेचून आणतात, तो सरवा. खडे, काड्या बाजूला काढत ती म्हणाली, "ये वं बुलढाण्याच्या बाई. बारीक झाली. नवरा जेवू घालत नाही का तुह्या हातचं?"

"माह्या हातचं खाऊन तोच बारीक झाला," मी म्हटलं. ती हसली. मी पिशवी पुढं केली.

तिनं हात पदराला पुसले, मग परत पुसले, आणि लुगडं काढलं. दोन बोटांमध्ये कापड धरून पाहिलं. "लय भारी हाये हे. अंगावर ठरन का घसरन?"

"काकू, मले माहीत नोतं गं." तिच्याजवळ गेलं की माझी बोली आपोआप परत येते.

"काय माहीत नोतं?"

"तुह्याजवळ ते एकच होतं."

तिनं सूप खाली ठेवलं. "माहीत असतं तं घेतलं असतं का तू?"

"नाही."

"मंग बरं झालं, माहीत नोतं. लगन चांगलं झालं तुह्यं." मग म्हणाली, "मले कोण काय मागते वं आता. तू मागलं."

माफी मागायला आले होते, आणि तिच्या बोलण्यात माफी मागायला जागाच नव्हती. तिनं मला दोष दिला असता तर मला तो घेऊन जाता आला असता.

ती पाणी आणायला आत गेली, मी उंबऱ्यापर्यंत गेले. भिंतीवरच्या फळीवर दोन तसबिरी होत्या. फळीवर पांढरं कापड अंथरलेलं होतं. बारीक पट्ट्या एकमेकींना जोडून शिवलेलं, कडेला बोटभर निळा काठ. शिवण इतकी बारीक की पट्ट्या वेगळ्या आहेत हे जवळ गेल्याशिवाय कळू नये. काही पट्ट्यांवर झेंडूचे पिवळे डाग अजून होते.

पाणी पिऊन झाल्यावर मी पडदा काढून बाजेवर पसरला. तिनं सगळे चौकोन पाहिले, कोणता कोणाचा ते सांगत गेली. मोरपंखी सुमनचं, तिच्या पहिल्या बाळंतपणात माहेरून आलेलं. डाळिंबी कांताबाईचं, थोरलीच्या लग्नातलं. मला एकही माहीत नव्हता. मधल्या पांढऱ्यापर्यंत आल्यावर तिनं नुसता हात फिरवला. "अक्षर चांगलं काढलं तू," असं म्हणाली. तिला वाचता येत नाही.

"रेशमाले असाच पाहिजे," मी म्हटलं.

"हाच दे तिले. नवा करू नको. तुमची नावं उसव, तिची टाक." मग तिनं सूप परत मांडीवर घेतलं आणि विचारलं, "तुह्यं लग्नातलं लुगडं कुठी हाये?"

मेहकरच्या दुकानात मी काय विचार केला ते तिला दिसलं की काय, असं वाटलं. "कपाटात हाये."

"चांगलं हाये?"

"हो."

तिनं सूप उचललं, एकदा झटकलं. कुटार उडून अंगणात गेलं. माझ्याकडं न पाहता ती म्हणाली, "ठेव ते. कोणी मागलं तं देऊ नको."

मी बुलढाण्याला परत आले आहे. संध्याकाळी कॉलेजमधून आल्यावर खिडकीजवळ बसून नावं उसवते. साखळी टाका उसवायला सोपा असतो, शेवटची गाठ सापडली की एका ओढीत बरीच अक्षरं निघतात. मला मात्र शेवटची गाठ सापडली नाही, म्हणून एकेक टाका सुईनं उचलावा लागतो आहे. अमोलचं नाव निघालं. माझ्या नावातला 'क' निघायचा आहे. अक्षरांखालचं कापड बाकीच्या कापडाहून पांढरं आहे, सहा वर्षं दोऱ्याखाली झाकलं गेल्यामुळं, आणि प्रत्येक टाक्याच्या जागी सुईचं बारीक भोक आहे. उजेडासमोर धरलं की नावं अजून वाचता येतात. रेशमाला मी फोनवर सांगितलं की कोणाकडंही काही मागू नको, पडदा आहे, मी आणते. तिनं विचारलं, "मधलं पांढरं कोणाचं हाये वं ते?" मी तिला सांगितलं.

कार्तिकी पौर्णिमेला मी जानेफळला जाणार आहे. नवं लुगडं नेसून काकू विहारात येईल का, मला माहीत नाही. आई म्हणाली, "तू एकदा म्हणून तं पाह्य, तुह्या शब्दाखातर येईन थे." येईल, हे मला ठाऊक आहे. मी म्हटलं की काकू ते करते. म्हणूनच मी म्हणणार नाही. लवकर जाऊन बसेन, खिडकीजवळची जागा मोकळी ठेवून, आणि मोबाईल लावायला येणाऱ्या मुलीला थोडं थांब म्हणेन.